साडूंचं फुल फॉरमॅट

अर्धवट सोडलेलं काम आणि माझे साडू या दोन गोष्टी एका छपराखाली कधी नांदल्याच नाहीत. किन्हवलीत राहणारे हे गृहस्थ भातसानगरला धरणाच्या पाण्याची पातळी मोजायच्या नोकरीतून निवृत्त झाले. नोकरीत असताना पट्टीवरचा आकडा ते तीनदा वाचत, वहीत उतरवत, आणि घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतला की, "वाचताना डोला सरल व्हता का माजा?" असं पुटपुटत चप्पल घालून परत धरणावर जात. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद ते शेवटपर्यंत वाचतात, आणि वाचून झाला की औषध घेतच नाहीत. कुणाच्या हळदीला गेले तर मांडवाचा पहिला खांब रोवण्यापासून शेवटची खुर्ची मोजून टेम्पोत चढेपर्यंत हलत नाहीत.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई, धवलारीण होती. लग्नात धवळे गायला तिला शहापूर-मुरबाडकडची गावंच्या गावं बोलावत. ती पुढे गात जायची आणि हे मांडवाच्या कडेला कॅमेरा धरून उभे. ताई गेली तेव्हा या माणसाकडे तिचा पंधराएक वर्षांचा आवाज एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये उरला होता.

एकच प्रत असणं म्हणजे अर्धवट काम. म्हणून साडूंनी धरणावरचे जुने फोटो असलेली तशीच दुसरी डिस्क पुसायची, आणि तिच्यावर गाण्यांची प्रत काढायची असं ठरवलं. मला लॅपटॉपसकट मुरबाडहून मुद्दाम बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा एक डिस्क लॅपटॉपला जोडलेली होती आणि पडद्यावर फॉरमॅटची, म्हणजे डिस्क पुसायची, खिडकी उघडी होती: क्विक की फुल?

"क्विक करा. दोन मिनिटांत होईल," मी म्हणालो.

"म्हंजे वरवर झाडून घ्याचा आनि कचरा चटईखाली लोटाचा? नाय जमनार."

"अहो, फुलला तीन-चार तास लागतील. माझी एसटी जाईल."

"दुसरी येल. तिची गानी ठेवाची हायत. जागा सोच्छ पायजे."

"डिस्क कुठली ते नीट पाहिलंत ना?"

"काल तीनदा तपासलंय. लाल पिशवीत गानी, निल्या पिशवीत फोटो." आणि त्यांनी फुल फॉरमॅटचं बटण दाबलं.

एक टक्का झाला. दोन झाले. मी सहज विचारलं, "पिशव्या नव्या शिवल्यात का? चकचकीत दिसतायत."

"नव्या कुठल्या! काल तपासल्यावर डिस्का भायेर काढून धुतल्या. मळक्या पिशवीत काय ठेवाचा?"

लाल पिशवीतली डिस्क काढून मी माझ्या लॅपटॉपला जोडली. घाईत वायर दोनदा उलटी लागली. डिस्क उघडली, आणि पडद्यावर भातसाचं पाणी दिसलं. धरणाचे दरवाजे, पट्टी, पुन्हा पाणी. ताई कुठेच नाही.

"साडूभाऊ, पुसली जातेय ती ताईची."

चार टक्के. मग हा माणूस, जो पेन ड्राइव्ह काढण्याआधीसुद्धा लॅपटॉपची रीतसर परवानगी घेतो, त्याने पुढे झुकून हिसका देऊन वायर उपटली. डिस्क छातीशी धरून ते ओट्यावर बसले. "मीच पुसली तिला," एवढंच म्हणाले. एसटीत मुरबाडपर्यंत गचका बसला की डिस्कवर दुसरा हात ठेवत.

मुरबाडच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, क्विक केलं असतं तर जवळजवळ सगळं परत आलं असतं. फुलमध्ये पुढे पुढे कोरं करत जातं. जितकं झालं, तितकं गेलं." साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या कॅलेंडरकडे पाहिलं.

तिला तीन दिवस लागले. ते तीन दिवस साडू आमच्याकडे राहिले आणि जेवणाच्या ताटात अन्न टाकून उठले. चौथ्या दिवशी डिस्क हातात आली. बरंचसं मिळालं होतं, पण फायलींना नावं नव्हती, क्रम नव्हता, आणि सुरुवातीची काही लग्नं कायमची गेली होती.

दुपारी ते आमच्या ओसरीवर एकेक फाईल लावत बसले. हे किन्हवलीचं, हे टोकावड्याचं, असं वहीत लिहीत होते. एका फाईलीत ताई नवरीला हळद लागतानाचा धवळा गात होती. दोन ओळी झाल्या, तिसरी ओळ सुरू झाली, आणि मधेच आवाज तुटला. साडूंनी तेच पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच तुटलं. "फुडं काय व्हता?" ते स्वतःशीच म्हणाले. "मी तितंच उभा व्हतो. कॅमेऱ्यात बगत बसलो, ऐकला नाय."

आत माझी बायको तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला सरकवलं आणि बसल्या जागेवरून ती तुटलेली ओळ उचलली. आवाज ताईसारखा नव्हता, एका ठिकाणी अडखळला, पण गाणं पुढे गेलं आणि संपलं. मी खिशातला मोबाईल काढायला लागलो, तर साडूंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि दाराकडे वळले. "आजून एकदा म्हन गो."