शून्य म्हणणाऱ्या वन्सं

आमच्या वन्संना वॉर्डात सगळे शून्यताई म्हणतात. पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स आहेत आणि आठ महिन्यांनी निवृत्त होतील. बाळाचं वजन करण्याआधी त्या काट्यावर एक फडकं पसरतात, बटण दाबतात आणि समोरचा आकडा पुसला गेला की खणखणीत आवाजात म्हणतात, "शून्य!" मग बाळाच्या अंगावरचं सगळं, अगदी टोपडंसुद्धा, काढून त्याला काट्यावर ठेवतात. बाळ किंचाळतं, बाप कासावीस होतो, आजी म्हणते, "अहो, गारठेल हो!" वन्सं म्हणतात, "आजी, मला बाळाचं वजन हवंय, तुम्ही विणलेल्या स्वेटरचं नको."

लग्न त्यांनी केलं नाही. एकदा एका बाळंतिणीची आई चिडून म्हणाली, "तुम्हाला स्वतःला मूल नाही, तुम्हाला काय कळणार?" वन्सं बाळाला छातीशी नीट लावून देत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ट्रॅफिक पोलिसाच्या घरी ट्रक असतो का?" तेवढ्यात बाळ पिऊ लागलं.

गुरुवारी दुपारी त्या होणाऱ्या बापांचा वर्ग घेतात. त्यासाठी एक रबरी बाहुली आहे, तिचा डावा हात निखळलेला. लंगोट बदलताना एकाच्या हातून तो पूर्णच निघाला, तेव्हा तो गृहस्थ हात घेऊन तसाच उभा राहिला. "घाबरू नका," वन्सं म्हणाल्या, "खऱ्याचे पक्के असतात." वर्ग संपला की त्या प्रत्येकाला भर व्हरांड्यात विचारतात, "दुसरं कधी? ठरवलंय का? नसेल ठरवलं तर साधन कोणतं वापरणार?" बाप जमिनीत गडप व्हायला बघतात. "लाजताय काय? लाजण्याची वेळ नऊ महिन्यांपूर्वीच गेली." मग त्यातल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन शांतपणे सगळं समजावून सांगतात.

अशा वन्संच्या वॉर्डात माझी सून बाळंत झाली. मुलगी झाली. देवाने दोघींना सुखरूप ठेवलं. त्या वेळी आत वन्संच होत्या. बाहेर येऊन त्यांनी मला फक्त आकडा सांगितला, "तीन किलो एकशे ऐंशी," आणि तोंड फिरवून निघून गेल्या. मला वाटलं, घाई असेल.

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन झालं. दोन किलो सातशे पन्नास.

तरण्या डॉक्टरीणबाईंनी फाइल पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "चारशे तीस ग्रॅम कमी. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण एवढं नाही. दूध पुरत नाहीये. उद्या सकाळपर्यंत बघू, नाहीतर वरचं दूध सुरू करावं लागेल."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अंगावर पाजायचंच असं तिने पाचव्या महिन्यापासून ठरवलं होतं. "आई, मला जमत नाहीये का हो?" ती मला म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जमेल गं." पण खोटं कशाला लिहू, दुधाचा डबा मी आदल्या दिवशीच आणून पिशवीच्या तळाशी चादरीखाली दडवला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत मी जप करत बसले. मणी पुढे सरकत होते आणि मन डब्यापाशी अडलं होतं.

वन्सं आल्या त्या थेट बाळापाशी. लंगोट उघडून पाहिला. "कालपासून किती ओले केले?"

"सहा," सून म्हणाली.

"शी?"

"पिवळी. काळी थांबली."

वन्संनी बाळाला पाजायला लावलं आणि कान देऊन ऐकत राहिल्या. बाळ गटगट गिळत होतं, मलाही ऐकू येत होतं. वन्संच्या चेहऱ्यावर मात्र कोडं पडल्यासारखं झालं. "पिते आहे, लघवी आहे, रंग छान आहे. आणि आकडा म्हणतो, उपाशी आहे."

"मग चूक आकड्याची असेल," मी म्हटलं.

"वहिनी, तो आकडा मी लिहिलाय," वन्सं म्हणाल्या. विषय संपला. एकतीस वर्षांत वन्संचा आकडा चुकला नव्हता. त्यामुळे चुकत होतं ते बाळ, सून किंवा निसर्ग, यांपैकी कुणीतरी.

मीही मग धीर करून पिशवीतला डबा वर काढला. "थोडंसं पाजलं तर काय बिघडतं? पोर वाळून जाईल."

"ठेवा तो खाली," वन्सं म्हणाल्या. "एकदा बाटली सुरू झाली की बाळ आईकडे कमी पितं, मग दूध कमी बनतं, आणि पुढे मग खरंच पुरत नाही."

"आणि नाही पाजलं नि काही झालं तर?"

वन्संनी फाइल उघडून आकडा पुन्हा एकदा वाचला.

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी चादरी बदलायला आल्या. सतरा वर्षं त्या वन्संच्या हाताखाली आहेत आणि सतरा वर्षं घाबरून आहेत. चादरीचं टोक चुरगाळत म्हणाल्या, "ताई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. बोला."

"पोर जन्मलं त्या दिवशी तुम्ही शून्य म्हणाला नाहीत."

समोरच्या खाटेवरची बाळंतीण घास तोंडात तसाच ठेवून ऐकू लागली.

"म्हणजे?"

"म्हणजे, पोर टॉवेलात गुंडाळलेलंच होतं, तो जाडा मोठा. तुम्ही तसंच काट्यावर ठेवलंत. मी बाजूलाच होते ना."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्हाला कोण बोलणार, ताई? आणि तुम्ही रडत होता."

"मी?" वन्सं ताठ झाल्या. "टॉवेल राहिला असेल. एक वेळ तेही होईल. मी रडले नाही."

"डोळे पुसत होता."

"घाम होता."

वन्संनी प्रसूतीच्या खोलीतले तीन टॉवेल मागवले आणि एकेक करून काट्यावर ठेवले. तिन्ही दोनशे चाळीसच्या आसपास भरले. मी बोटांवर हिशेब करेपर्यंत वन्संचा झालाही होता. जन्माच्या वेळचं खरं वजन दोन किलो नऊशे चाळीस. कमी झालं ते एकशे नव्वद ग्रॅम. कुठल्याही धडधाकट बाळाचं होतं तेवढंच.

वन्सं फाइल काखेत मारून निघाल्या. मी मागोमाग गेले, सुनेनेच पाठवलं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढे वन्सं विद्यार्थिनीसारख्या उभ्या राहिल्या. वयाने त्या डॉक्टरीणबाईंच्या आईएवढ्या.

"माझी चूक आहे," वन्संनी सांगितलं. टॉवेल, वजन, सगळं सांगितलं. घामाचा उल्लेख टाळला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी बाळ तपासलं, लंगोटांची संख्या पुन्हा विचारली, सुनेला पाजताना पाहिलं. मग म्हणाल्या, "वरचं दूध नको. उद्या वजन वाढलेलं दिसलं पाहिजे. पण सिस्टर, दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागेल. नियम आहे."

"मीच केलाय तो नियम," वन्सं पुटपुटल्या.

दुसऱ्या सकाळी बाळाला काट्यावर ठेवताना अर्धा वॉर्ड माना उंचावून बघत होता. मावशी तर चादरी सोडून आल्या होत्या. दोन किलो सातशे पंच्याऐंशी. पस्तीस ग्रॅम वाढले! सून हसता हसता रडली, आणि तिला रडताना पाहून समोरच्या खाटेवरचीही रडू लागली, काही कारण नसताना. वन्संनी दोघींना दटावलं, "पाणी प्या आधी. डोळ्यांतून घालवू नका, दूध बनायला लागतं."

घरी सोडण्याआधी फॉर्म भरायचा होता. वन्सं खिडकीशी बसून लिहीत होत्या. चुकीचा आकडा, खरा आकडा, तारीख, सही. शेवटचा रकाना होता, चूक होण्याचं कारण. तिथे मात्र पेन बराच वेळ हवेत राहिलं. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. वन्संनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भरभर एक ओळ लिहिली.

फॉर्म डॉक्टरीणबाईंकडे द्यायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मी वाचला. लिहिलं होतं, "वजन घेणारी परिचारिका बाळाची आजी होती."

डॉक्टरीणबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि काही न विचारता खाली सही केली.