माठातला आवाज

दादा गेल्याची तार पेणला माझ्या हातात पडली, तेव्हा रडू यायच्या आधी राग आला. आमचं भांडण अजून पुरं व्हायचं होतं... त्याला आता सव्वा महिना झाला. रडून झालं, राग तेवढा शिल्लक आहे.

माझा हा थोरला भाऊ पनवेलच्या एका भाताच्या गिरणीत कारकून होता. घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि त्याचा आवाज दादाला कधीच पसंत पडला नाही. "पत्र्याच्या डब्यात बसून गातात सगळे," म्हणायचा. मग उपाय सुरू. रेडिओखाली गोणपाटाची घडी, मागे उशी, पुढे सुपाचा आडोसा. शेवटी त्याने रेडिओतला स्पीकरच उचकटून बाहेर काढला. कुंभाराकडून पाण्याचा माठ आणला, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला, तार जोडून घेतली आणि आत जुन्या गादीतला कापूस भरला. खर्च काय, माठाचा तेवढा. आवाज खरोखर भरदार झाला, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पण एक गाणं धड पूर्ण ऐकू देईल तर शपथ! अंतरा रंगात आला की हा उठणार, मूठभर कापूस काढणार, चिमूटभर परत घालणार. "थांब, जरा घुमतंय." वहिनी वैतागून स्वयंपाकघरात निघून जायची.

मी एकोणीस वर्षांची होते. गाणं शिकत होते आणि मुंबईच्या रेडिओवर पंधरा मिनिटं गायला बोलावणं आलं. आईला माझं गाणं मुळीच मान्य नव्हतं. दादाने फारच गळ घातली तेव्हा ती म्हणाली, "एकदा ऐकते. बरं वाटलं तर शिकू दे, नाहीतर स्थळं बघायला लागायचं." दादा मला म्हणाला, "तू नुसती गा. आईच्या शेजारी बसून गातेयस असं वाटायला लावतो की नाही बघ." महिनाभर तो त्या माठाशी झटत होता.

त्या संध्याकाळी मी मुंबईत गायले. चांगली गायले, हे माझं मला कळलं. दुसऱ्या दिवशी एस.टी.तून उतरले ती जवळजवळ धावतच घरी. ओट्यावर शेजारचे नामाकाका बसले होते, मिठागरावरून नुकतेच आलेले. मी विचारलं, "काका, कसं झालं?" त्यांनी मान खाली घातली. "आमी सगली बसलो व्हतो, पोरी. तुजा नाव पन आयकला. मंग तुज्या भावानं माठात हात घातला... आनी आवाजच नाय."

निवेदिकेच्या आवाजात दादाला भणभण जाणवली होती. मूठभर कापूस आणखी घालावा म्हणून त्याने स्पीकर उचलला आणि तारेचा कथलाचा डाग सुटला. डाग द्यायची कांब शेगडीवर तापेपर्यंत माझी पंधरा मिनिटं संपली. तेव्हा गाणं थेट जायचं. आमच्यासारख्या नवख्यांचं ध्वनिमुद्रण कोण करून ठेवतो? आई म्हणाली, "देवाच्याच मनात नव्हतं." दोन महिन्यांत माझं लग्न ठरलं. गाणं तिथेच सुटलं.

दादाने माफी कधी मागितली नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की मात्र म्हणायचा, "कुसुम, आता भणभण अगदी गेलीय. ऐक तरी एकदा." मी म्हणायचे, "मला नको तुझा माठ," आणि वहिनीच्या मागोमाग आत जायचे. इतकी वर्षं हेच चाललं.

परवा पनवेलला गेले तेव्हा वहिनीने रेडिओ लावला. माठ तिथेच, कोपऱ्यात. कुणी अनोळखी मुलगी गात होती, नवखीच असावी. सूर लावण्याआधी तिने घेतलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला... अगदी शेजारी बसल्यासारखा. म्हणजे दादा म्हणाला होता तसंच आईला वाटलं असतं. माझा संताप संताप झाला. त्यात तो आवाज खालच्या सुरात जरासा घुमत होता. न राहवून मी उठले आणि माठाकडे हात नेला.

"राहू दे हो वन्सं," वहिनी एकदम म्हणाली, "पुरं होऊ दे तिचं."

मी हात मागे घेतला. दादाच्या घरात पहिल्यांदाच एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं.