सुकतीच्या वेळा

डॉक्टरांनी रोज दहा मिनिटं चालायला सांगितलं होतं. फक्त दहा. कुडाळच्या दवाखान्यात काट्यावर उभी राहिले तेव्हा आकडा एकशे आठवर थांबला. माझ्या गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "गुडघे अजून वाचवता येतील, पण वजन उतरवावं लागेल. एकदम काही करायला जाऊ नका. दहा मिनिटं चाला, जमलं की पंधरा."

त्यांनी देवबागचा रस्ता पाहिलेला नसावा. आमच्याकडे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांतून जाणारा एकच डांबरी रस्ता. त्या रस्त्यावर कुणी उगाच चालत नाही. पहिल्या सकाळी निघाले तर शंभर पावलांत तिघांनी विचारलं, "खंय चल्लंस गो?" व्यायामाला, असं सांगायला जीभ वळेना. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. घरी पर्यटक उतरतात, चार खोल्यांच्या पाहुण्यांचा दोन वेळचा स्वयंपाक करते. वाडीत माझी ओळख काय ती माझ्या हातच्या वड्यांची. म्हटलं, "दुकानात." मग दुकानात जावंच लागलं. कोथिंबीर घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी नवऱ्याने फ्रिज उघडला आणि कोथिंबिरीच्या जुड्यांकडे बघत राहिला. आठव्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी त्याला अंगणात गाठलं. "दुकानाक रोज हिकाच कित्या धाडतस रे? तुझे पाय खंय गेले?" तो रागाने घरात आला. नवव्या दिवशी उजवा गुडघा असा सुजला की जिना उतरताना मी बसून बसून उतरले. चालणं संपलं.

चालणं संपलं, पण मला स्वस्थ बसवेना. दवाखान्यात जायच्या आधी मी जड होते खरी, पण एका जागी होते. आता अंगात कसली तरी वळवळ सुरू झाली होती. भात शिजतोय तोवर तीनदा अंगणात जायची. फ्रिज उघडायची, मिटायची. नवऱ्याने मालवणहून वजनकाटा आणून दिला होता. त्यावर सकाळी उभी राहायची, चहा झाला की पुन्हा, दुपारी भांडी घासून झाली की आणखी एकदा. आणि पाहुण्यांचे वडे तळताना एखादा उभ्या उभ्या तोंडात टाकायची. ताटात घेतलेलंच तेवढं खाल्लेलं, असा माझा त्या दिवसांतला हिशेब होता. नवरा एकदा म्हणाला, "जरा कमी खा." आणि लगेच, "माका आणखी दोन वडे वाढ." मी झारा कढईत तसाच सोडून मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

तिथेच काकी भेटली. तीन घरं सोडून राहणारी, साठी उलटलेली, वाळकी बाई. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी पुरतं उतरलं, की ती खाडीत उतरायची आणि वाळूतून तिसऱ्या नि मुळे, असल्या खायच्या शिंपल्या काढून आमच्यासारख्या घरांना द्यायची. त्या दिवशी तिने शिंपल्यांची ओली पिशवी माझ्या पायरीवर टाकली आणि खांदा चोळत बसली.

"माका आता बोजो उचलूक जमणा नाय," ती म्हणाली. "तू येतलंस माझ्यावांगडा?"

"काकी, माझे गुडघे बघ कसे झालेत."

"पाण्यात गुडघ्यांका काय जाता?"

तिला व्यायामाशी कर्तव्य नव्हतं. तिला ओझं उचलायला माणूस हवं होतं. मी तेवढ्यावरच हो म्हटलं. कुणी विचारलं तर सांगायला काम मिळत होतं.

लग्न होऊन या घरी आले त्याला चोवीस वर्षं झाली होती. माहेर कणकवलीच्या वरच्या अंगाला, पाणी म्हणजे विहीर आणि ओढा. खाडी माझ्या मागच्या दारापासून पंचवीस पावलांवर. पण तिच्यात मी कधी घोट्यावर उतरले नव्हते. पोहता येत नव्हतं. गाऊनवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून मी काकीच्या मागून निघाले. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग मांड्यांना. गाऊन फुगून वर आला, तो मी दोन्ही हातांनी दाबत होते. पाणी कमरेला आलं आणि गुडघे एकदम गप्प झाले. कितीतरी महिन्यांनी ते गप्प झाले होते. मी पाऊल उचललं, ते उचललं गेलं. दुसरं उचललं. पुढे गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले.

"मुळे काढूक इल्लंस काय फेरे मारूक?" काकीने विचारलं.

मुळे काढायला मला कधीच नीट जमलं नाही. वाकलं की पोट छातीला भिडायचं आणि दम लागायचा. दोन-चार दिवसांत आमची वाटणी ठरून गेली. काकी वाकून काढणार. आणि मी कमरेला दोरी बांधून, तिला जोडलेलं प्लॅस्टिकचं घमेलं पाण्यावर ओढत तिच्यामागे चालणार. घमेलं भरत जाई तसं ते मागे ओढे. परतताना दंडांपासून टाचांपर्यंत सगळं अंग थरथरायचं. घरी आल्यावर दहा मिनिटं बोलता येत नसे.

पण खाडी घड्याळ पाळत नाही. सुकती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आज सकाळी आठला, तर चार दिवसांनी अकराला. मग थेट पाहुण्यांच्या जेवणावर. माझं सगळं लक्ष पाण्याकडे लागायला लागलं. नारळ खवताना खिडकीतून पाणी बघायची. काठावरचा काळा दगड उघडा पडला की हात भराभर चालायचे, आणि मीठ एक तर राहायचं, नाही तर दोनदा पडायचं. एका पाहुणीने सोलकढीचा पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवला. नवरा म्हणाला, "तुझा चित्त खंय आसा?" दीड महिना झाला होता आणि काट्यावर जेमतेम एक किलो हलला होता. तरी खाडीत जायचं टळलं तर दिवसभर मी कुणाशी धड बोलत नसे. वजनासाठी जाते की नुसती जाते, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं.

आंब्याच्या दिवसांत काकी चार दिवस लेकीकडे सावंतवाडीला गेली. जाताना सांगून गेली, "एकटी उतरू नको." दोन दिवस मी दम धरला. तिसऱ्या दिवशी सुकती साडेअकराची होती आणि घरात आठ पाहुणे होते. सुरमईला मसाला लावून ठेवला, भात झाकला आणि अर्ध्या तासात येते असं मनाशी म्हणत उतरले. समोर खाडीच्या मध्यावर वाळूचा दांडा उघडा पडला होता. काकीबरोबर तिथवर कधी गेले नव्हते. गेले. कोरड्या वाळूवर उभी राहिले, मग दांड्याच्या कडेकडेने पाण्यातून चालत राहिले. गुडघा दुखत नव्हता. वेळेचं भान राहिलं नाही.

परत फिरले तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. दांडा आणि आमचा काठ यांच्यामधला सखल भाग येताना कमरेइतका होता, तो आता छातीला आला, आणि पाणी आडवं ओढत होतं. पायाखालची वाळू निसटायला लागली. जाळं बांधायचा एक खुंट पाण्यात उभा होता. त्याला मी दोन्ही हातांनी मिठी मारली. तिथून आमचं घर स्वच्छ दिसत होतं. पाहुणे पडवीत बसले होते. नवरा पाण्याचा जग घेऊन आला, ठेवून आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि मला शोधल्यासारखा मागच्या अंगणात बघायला लागला.

हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मी मारली नाही. डोळ्यांपुढे येत होतं ते एवढंच, की चार बाप्ये मला काखेत धरून होडीत ओढतायत, वाडी काठावर जमलीय आणि पाहुण्यांनी मोबाइल वर धरलेत. बुडायची भीती होतीच. पण त्या घटकेला उचललं जायची भीती मोठी होती. पाणी गळ्याशी आलं. एक लाट तोंडात गेली, खारट, आणि मग मी ओरडले. "अहो." पुन्हा ओरडले.

तो एकटाच आला, छोटी होडी वल्हवत. जवळ येऊन त्याने माझ्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. मला वर घ्यायला गेला असता तर होडी उलटली असती, हे दोघांनाही दिसत होतं.

"काठाक धर," तो म्हणाला. "सोडू नको. मी हळूहळू घेतंय."

होडीचा काठ धरून मी पाण्यात लोंबकळत राहिले. तो वल्हवत होता, मी पाय झाडत होते. पायाला वाळू लागली तेव्हा मी सोडलं आणि चालत बाहेर आले. पडवीतून एका बाईने विचारलं, "पोहायला गेला होतात का?" नवरा म्हणाला, "हो. जेवण अर्ध्या तासात वाढतो." मी ओल्या कपड्यांनिशी मागच्या दाराने आत गेले आणि तवा ठेवला. पहिली तुकडी उलटताना मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्याने विचारलं, "आज सुकती किती वाजता?"

"सव्वाबाराक."

"मगे सगळा अकरा वाजेपर्यंत रांधून ठेव. वाढूचा काम माझा." चहा संपवून तो उठला. "काकी नसली तर मात्र उतरूचा नाय."

मला राग आला. मी काय लहान पोर आहे, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण मी हो म्हटलं. काकी आली तेव्हा तिला सगळं आधीच कळलेलं होतं. चार दिवस ती नुसती पुढे चालायची आणि शिंपल्या जोराने घमेल्यात टाकायची.

मे संपता संपता काटा नव्याण्णववर आला. मी उतरून पुन्हा चढले, तरी नव्याण्णवच. मग पाऊस लागला, खाडी तांबडी झाली, वरून झाडांची खोडं वाहत यायला लागली. उतरायची सोय राहिली नाही. पाहुणे बंद, खोल्या बंद. मी पडवीत फेऱ्या घालायला लागले, भिंतीपासून भिंतीपर्यंत बावीस पावलं, दोरीवरच्या न वाळणाऱ्या चादरी हाताने बाजूला सारत. नवरा म्हणाला, "घरात वाघीण बांधून ठेवल्यासारखा वाटता." गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला. श्रावणात दोन किलो परत चढले. मी काटा उचलून खाटेखाली ढकलला, त्यावर जुनी गोणपाटं टाकली आणि भाजी चिरायला बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं. कांदा मात्र अजून घेतलाच नव्हता.

दसऱ्यानंतर पाणी निवळलं. पहिल्या सुकतीला काकी हातात काठी घेऊन दारात उभी राहिली. पावसाळ्यात तिचा खांदा जास्तच धरला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. आम्ही उतरलो, आणि दोघीही थांबलो. पावसाने तळ सगळा बदलून टाकला होता. जिथे कमरेइतकं पाणी असायचं तिथे काठी मुठीपर्यंत बुडाली, तरी तळ लागेना.

"वाट हयच होती," काकी म्हणाली.

"नाय, थंय होती. त्या माडाच्या समोर."

"माका शिकवतंस?" ती म्हणाली, पण पुढे गेली नाही. मग तिने काठी माझ्या हातात दिली.

मी पुढे झाले. काठी टेकली, पाऊल टाकलं, वाळू लागली. पुन्हा टेकली, टाकलं. तिसऱ्या वेळी खाली काहीच लागलं नाही, तसा पाय मागे घेतला.

"गावली काय?" मागून काकीने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं, आणि काठी डावीकडे टेकली.