दारातली हजेरी

चूक माझी होती, हे आधीच सांगतो... म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारा समजणार नाही. भरल्या वर्गात मी एका बाईचं नाव पुसलं आणि वर हसलो.

धाराशिवात कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर कोर्सला मी डेटाबेस शिकवतो. चमत्कारावर, भुताटकीवर माझा कधीच विश्वास नव्हता. काही विचित्र दिसलं की कुणीतरी चुकीची कमांड दिली असणार, एवढंच मी म्हणायचो.

ढोकीच्या सुरेखाताई माझ्या वर्गात होत्या. लग्नामुळं सुटलेलं शिक्षण पुरं करायला इतक्या वर्षांनी आलेल्या. पोरंही त्यांना ताईच म्हणायची. उसाचा सीझन लागला की कारखान्यापुढची ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येते, एसटी अडकते. त्या रोज उशिरा यायच्या. दारात थांबून हळूच विचारायच्या, "येऊ का, सर?"

सरावाला मी वर्गाचीच नावं वापरतो. एक टेबल विद्यार्थ्यांचं, दुसरं हजेरीचं, दोन्ही रोल नंबरनं जोडलेली. पहिल्या टेबलात नाव नसेल तर दुसऱ्यात त्याची हजेरी घालताच येत नाही – डेटाबेस ती नाकारतो. त्या दिवशी डिलीट शिकवायचं होतं. म्हणालो, "वेळेवर कोण येत नाही? त्यांनाच काढू." पडद्यावरून सुरेखाताईंची ओळ गेली, मागोमाग त्यांची सगळी हजेरीही.

तेवढ्यात दारातून आवाज. "येऊ का, सर?"

"आता कुठं येता ताई? टेबलात नावच न्हाय तुमचं."

वर्ग हसला. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

फोन करावासा वाटायचा. पण सरांनी कसा करायचा... असं म्हणत राहिलो. परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तरी त्यांचा पत्ता नव्हता.

मग एके दिवशी हजेरीच्या टेबलात एक ओळ दिसली. त्यांचा रोल नंबर, समोर आजचीच तारीख. पासवर्ड फक्त माझ्याकडं. मी ती पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी तशीच ओळ स्वतःच्या हातानं घालून बघितली, तर डेटाबेसनं नाकारली. मला जी ओळ घालता येत नव्हती, ती रोज आपोआप येत होती.

पुढं डॉक्युमेंट डेटाबेस सुरू केला. तिथं टेबलं नसतात. प्रत्येकाची नोंद वेगळी, तिच्यात काय लिहावं याला बंधन नाही. नवाकोरा सर्व्हर. पोरांनी नाव, गाव, आवड असं काय काय भरलं. सगळं पडद्यावर काढलं तर शेवटी एक नोंद जास्तीची. नाव नाही, गाव नाही. फक्त दोन शब्द – येऊ का.

"कुणाचा चावटपणा हा?"

कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरचा मतीन म्हणाला, "सर, घ्या की आत त्यांना."

"कुणाला?"

"ताई कवाच्या इचारतेत दारातून. तुमाला ऐकू येईना का?"

दारात कुणी नव्हतं. व्हरांड्यात नुसतं ऊन होतं. पण खरं सांगतो, तो आवाज मीही ऐकला होता. रोज ऐकत होतो, आणि न ऐकल्यासारखं करून शिकवत होतो.

त्याच दुपारी ढोकी गाठली. सुरेखाताईंच्या सासूबाई अंगणात तूर निवडत होत्या. मी ओळख सांगितली.

"सर व्हय तुमी? बरं झालं आलात. आमच्या सुरेखाचं कायतरी बिनसलंय बगा. वर्गाचा टाइम झाला की हातातलं काम टाकून उंबऱ्यात उभी ऱ्हाती अन् 'येऊ का' म्हनती. म्या म्हनलं, बाई, घर तुजंच हाय की. तर म्हनती, म्या कुटं काय बोलले?"

वर्गात मला तो आवाज यायचा, तीही हीच वेळ.

सर्व्हरवर प्रत्येक कमांडची नोंद राहते. ती मी आजही उघडून बघतो. त्या ओळी कुणी घातल्या, ते तिथं कुठंच नाही. मला उलगडा झालेला नाही.

सुरेखाताई हात पुसत बाहेर आल्या, मला बघून थबकल्या. मी चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभा होतो.

"येऊ का, ताई?"

मग तिथंच, उभ्या उभ्या, सासूबाईंसमोर म्हणालो, "तुमचं नाव मी वर्गात पुसलं. तुम्ही दारात होता तरी हसलो. चुकलं माझं. माफ करा मला... आणि हे उद्या त्याच वर्गासमोर पुन्हा म्हणायचंय मला. तुम्ही याल का?"