पत्रा फोडायचा नाही

रज्जाकमामू गेल्याचं मला शाळेतच कळलं. मधल्या सुट्टीत त्यांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला. "शोभाताई, अब्बा गेले." मी तशीच निघाले. जालन्यातल्या मस्तगडला त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा दारात माणसं जमली होती, आणि एक शिकलेसवरलेले गृहस्थ दुसऱ्याला समजावून सांगत होते, की या गिरणीवाल्यांच्या छात्या बिडीनंच जातात. मयताच्या दारात भांडू नये एवढं मला कळतं. तरी भांडले. मामूंनी जन्मात बिडी ओढली नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही, त्यांची छाती ॲस्बेस्टॉसनं गेली, हे मी चपला काढायच्या आधीच चारचौघांत सांगून मोकळी झाले. नसीम आतून ऐकत होती. "बरं केलं ताई," एवढंच म्हणाली. या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्या दिवशी ज्यांना ऐकू गेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मामू माझ्या रक्ताच्या नात्यातले नव्हेत. लहानपणी आमची आणि त्यांची भिंतीला भिंत, आणि सगळी गल्लीच त्यांना मामू म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. सरकीचं तेल काढणाऱ्या गिरणीत ते बॉयलरवर होते. वाफेच्या नळ्या गार पडू नयेत म्हणून त्यांच्यावर ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी गुंडाळायची, वरून घमेल्यात कालवलेला पांढरा लेप थापायचा, हे त्यांचं काम. जुना लेप तडकला की हातोडीनं ठोकून पाडायचा आणि खराट्यानं झाडायचा. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या, आणि मुमानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच त्यांचा सदरा झटकून घ्यायच्या. दोरीचे उरलेले तुकडे ते घरी आणायचे. त्या काळी घरोघरी पंपाचे स्टोव्ह होते आणि ते पेटवायला रॉकेलमध्ये बुडवलेला काकडा लागायचा. ही दोरी जळत नाही, त्यामुळं तिचा काकडा वर्षानुवर्षं टिकायचा. मुमानी ओट्यावर बसून दोरी उसवायच्या, बोटांनी पिंजायच्या आणि तारेच्या चिमट्याला वळून द्यायच्या. गल्लीत कुणाचं लग्न झालं की नव्या संसाराला भांडी कुणीही देईल, पण काकडा द्यायचा तो मुमानींनीच. मीही त्यांच्या शेजारी बसून काकडे वळले आहेत. तंतू नाकात जायचे, शिंका यायच्या, आणि आम्ही दोघी हसायचो.

मुमानींच्या छातीत पुढं पाणी झालं. ते काढलं की पुन्हा भरायचं. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला, तोवर त्यांच्या अंगात उठून बसायचंही बळ नव्हतं. त्या गेल्या, नंतर काही वर्षांनी गिरणीही बंद पडली, आणि तिचा बॉयलर भंगारात निघाला तेव्हा नळ्यांवरचा लेप काढायला बाहेरगावची माणसं आली. मामू सहज बघायला गेले, तर ती माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडावर भलेमोठे मास्क. मामूंना हसू आलं. त्यांनी तिथल्या इंजिनीअरला विचारलं, "साहेब, ही वरात कुनाची?" त्यानं सांगितलं, की ही धूळ एकदा छातीत गेली की बाहेर येत नाही. मग त्यानं विचारलं, "चाचा, तुम्ही इथं होतात का? किती वर्षं?" मामू म्हणाले, "सव्वीस." मामू मला हे सांगायचे तेव्हा इथं हटकून थांबायचे. पण तिथून उठून घरी येऊन रडत बसणारे ते मामू नव्हेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि काम संपेपर्यंत रोज चहाच्या सुट्टीत त्यांनी त्या इंजिनीअरचं डोकं खाल्लं. लेप कसा भिजवतात, पोत्यात कसा भरतात, कपडे कुठं बदलतात, सगळं विचारून घेतलं.

आता माझं शहाणपण ऐका. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. आमची शाळा गावाबाहेर, काळ्या मातीत. पावसाळ्यात मैदानात असा चिखल होतो की मुलींच्या चपला रुतून राहतात. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला मागच्या चार खोल्यांचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचं ठरलं. ठेकेदार गजानन म्हणाला, पत्रे फोडून त्यांचा चुरा मैदानात टाकू, वरून रोलर फिरवू, चिखलाची कटकट मिटली. आपल्याकडं अंगणात, गल्लीत असा चुरा सर्रास टाकतात, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या ऐटीत मी ही बातमी मामूंना सांगायला गेले. तेव्हा त्यांना ऑक्सिजन लागला होता, नाकात नळी होती.

"शोभे, काकडे वळत व्हतीस तवा किती सालची व्हतीस?"

"दहा असेन."

"आन आता?"

"पंचावन्न."

"मंग अक्कल कधी येनार? सिमेंटच्या पत्र्यात तेच हाय, पांढरं. पोरी त्याच्यावर लंगडी खेळतील. चुरा झिजंल, उडंल. पुन्ना सगळ्या हसतील बी, तू हसत व्हतीस तशा."

मी मान खाली घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गजाननला थांबवायला शाळेत गेले, तर मामू माझ्याआधी तिथं हजर. रिक्षातून सिलेंडर आणि घरची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले होते आणि फाटकाच्या बरोबर मधे बसले होते. समोर गजाननचा टेम्पो. आत वार्षिक परीक्षेचे पेपर चालू होते, आणि पेपर चालू असतानाच मागून पत्रे फोडायला घ्यायचे असा बेत होता.

गजानन काकुळतीला आला होता. "मामू, पंधरा वर्षं पत्रे फोडून राह्यलो, मला तर कायी झालं न्हाई."

"मला बी पंधरा वर्षांत कायी झालं न्हाई. तीस वर्षांनी झालं."

"अहो, निळं ॲस्बेस्टॉस असतंय ते वाईट, तपकिरी वाईट. हे पांढरं एवढं जहाल न्हाई म्हनतेत."

"माझ्या बायकोनं पांढरंच पिंजलं व्हतं," मामू म्हणाले. "फुफ्फुसाला रंग दिसत न्हाई, गजानन."

संस्थेच्या अध्यक्षांचा मला फोन आला, त्या म्हाताऱ्याला उठवा. मी म्हटलं, उठवायला तुम्हीच या. ते आले नाहीत. मामू दोन दिवस बसले. नमाजाची वेळ झाली की खुर्चीतच नमाज पढायचे, आणि मुली पेपर सुटला की त्यांना वळसा घालून जायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गजाननच चहा घेऊन आला आणि त्यांच्यापुढं उकिडवा बसला. "सांगा मंग, कसं करायचं?"

पेपर संपल्यावर, रिकाम्या शाळेत, ते काम मामूंनी सांगितल्यासारखं झालं. आधी पत्र्यावर पाण्याचा बारीक फवारा. नट गंजले असतील तर साध्या करवतीनं कापायचे, ग्राइंडर लावायचा नाही. पत्र्यावर पाय द्यायचा नाही, फळ्या टाकून चालायचं. अख्खा पत्रा दोराला बांधून हळूच खाली, मग जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वर लाल अक्षरांत लिहून, घातक कचऱ्याच्या जागेकडं रवाना. खराट्याला बंदी, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. तोंडाला रुमाल चालणार नाही, घट्ट बसणारा खास मास्क हवा. मास्क नीट बसावा म्हणून गजाननच्या एका मिस्त्रीनं कुरकुरत दाढी काढली, त्यावरून मामूंनी त्याची चार दिवस थट्टा केली. संध्याकाळी सगळ्यांनी शाळेच्या नळावर आंघोळ करायची आणि कामाचे कपडे तिथंच बांधून ठेवायचे. "कपडे घरला न्यायचे न्हाईत. बायकांनी झटकायचे न्हाईत..." हे मात्र ते रोज सांगायचे, आणि प्रत्येक वेळी त्यांना धाप लागायची.

पावसाळा संपता संपता त्यांनी अंथरूण धरलं. नातलग येऊन सांगायचे, सब्र करा. मामू म्हणायचे, "सब्र करूनच राह्यलो. पन गप बसायचं कुठं लिव्हलंय?" दवाखान्यात नवा डॉक्टर आला की त्याला पहिलं वाक्य तेच, "लिव्हा, बॉयलर, सव्वीस वर्षं." बहुतेक जण मान हलवून पुढं जायचे. एका डॉक्टरीणबाईंनी मात्र खरंच लिहून घेतलं, तेव्हा मामूंनी तो कागद नसीमकडून तीनदा वाचून घेतला. आजार मनानं जिंकता येतो वगैरे मला कुणी सांगू नये. मामूंचा श्वास शेवटी चार पावलांनाही पुरत नव्हता. पण त्यांनी आपला आजार कुणाला बिडीच्या नावावर खपवू दिला नाही. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि अजून राग येतो. मुमानींना त्या धुळीबद्दल वेळेवर कुणीच सांगितलं नाही म्हणून राग येतो. असे पत्रे आजही दुकानात राजरोस मिळतात, त्याचाही येतो.

परवा रविवारी सकाळी गजाननचा फोन आला. नवीन जालन्यात स्टेशनजवळ एका गोदामाचे जुने पत्रे काढायचं काम त्यानं घेतलं होतं. "मॅडम, मामूंचा फोन लागून न्हाई राह्यला. मालक म्हनतो, फोडून टाक, संध्याकाळपर्यंत जागा मोकळी पायजे. पोरं वर चढलीत. जरा मामूंना पाठवता का? मालक माझं ऐकंना."

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यानं हळूच विचारलं, "मंग आता काय करू?"

"पोरांना खाली उतरव," मी म्हटलं, "आणि मालकाला सांग, मामूंच्या घरचं माणूस येऊन राह्यलंय."