सिस्टर आणि मागे राहिलेली मांजरं

गल्लीत सामानाचा टेम्पो लागला, की सिस्टर हातातलं काम टाकून खाली यायच्या. निरोप द्यायला नव्हे. कपाट, गाद्या, देव्हारा एकेक करून चढताना बघत राहायच्या आणि सगळ्यांदेखत विचारायच्या, "आन मांजर?"

गुलमंडीच्या मागच्या त्या गल्लीत आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. सिस्टर मूळच्या फुलंब्रीकडच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. त्या वर्षांत लोक फ्लॅट घेऊन सिडकोकडे निघाले होते आणि उंदरांसाठी पाळलेली मांजरं मागे ठेवून जात होते. ती बंद घरांत व्यायची. पिल्लांची पिल्लं माणूस दिसला की फिस्कारायची. मग उरलेली गल्ली मांजरांच्या नावाने बोटं मोडायला मोकळी!

आमची पाळी आली तेव्हा ओट्यावरच्या आमच्या गोदी मांजरीकडे बघत मी म्हणाले, "मांजर घराला लागलेलं असतं, सिस्टर. नव्या जागेत रमायचं नाही."

"गोदीनं सांगितलं का तुला तसं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांची सारी नोकरी कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत गेली होती. आता त्या पिंजरा लावून मांजरी पकडायच्या, रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात न्यायच्या आणि ऑपरेशन करून पुन्हा गल्लीत सोडायच्या. खूण म्हणून डॉक्टर कानाचं टोक कापत. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, मुक्या जिवाला असं करणं पाप आहे. सिस्टर उसळल्या. "व्हय का? बाई वाळून कोळ झालेली असायची, तरी सासरचे शिबिरात ढकलत आणायचे. तवा कुणाला पाप नाय आठवलं! तुम्ही नुसतं दूध घालता. पिल्लं कुणी निस्तरायची?"

लोक पुढे इतके निर्ढावले, की पिल्लं पोत्यात घालून त्यांच्याच दाराशी टाकू लागले. एका पोत्याचा मालक कापडाचा व्यापारी निघाला. सिस्टर भर दुपारी पोतं घेऊन दुकानात गेल्या. सिल्लोडच्या मंडळींचा लग्नाचा बस्ता चालला होता. सिस्टरनी पोतं पांढऱ्या गादीवर मोकळं केलं. "शेठ, तुमचं सामान माझ्या दाराशी राहिलं."

पाच पिल्लं शालूंवरून धावत सुटली. शेठ पुटपुटले, "तुमच्याकडे एवढी आहेतच, सिस्टर..."

"दवाखान्यात लई बाळं होती. म्हणून तुमचंबी ठिवून घ्यायचं होतं का मी?"

दोन पिल्लं नवरीच्या मावशीने नेली. तीन शेठना ठेवावी लागली.

आम्ही गल्ली सोडली त्याच्या दुसऱ्या वर्षी कुणीतरी मासळीत विष कालवून ठेवलं. निरोप आला तशी मी गेले. सिस्टरनी अकरा मांजरं ओळीने ओट्यावर ठेवून वर जुन्या चादरी घातल्या होत्या. अकराही कान कापलेली, म्हणजे ज्यांच्यामुळे गल्लीत एकही पिल्लू वाढणार नव्हतं, नेमकी तीच. त्यांनी एक कोपरा उचलला. गोदी होती.

"तुम्ही गेल्यावर तीन आठवडे पिंजऱ्यात येईना," त्या म्हणाल्या. "तुमच्या बंद दारापुढनं हालायचीच नाय."

आम्ही दोघी पोलीस चौकीत गेलो. हवालदार हसला. "मांजरांची तक्रार?"

"विषाची तक्रार. उद्या रांगतं लेकरू उचलून तोंडात घालंल. लिव्ह!" त्याने लिहून घेईपर्यंत त्या बाकावरून उठल्या नाहीत. विष कुणी ठेवलं ते गल्लीला ठाऊक होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. आणि उन्हाळा संपायच्या आत मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या गल्ल्यांतली मांजरं येऊन व्याली. सिस्टरनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

दोन हिवाळ्यांनंतर त्या गेल्या. गल्लीने शोकसभा ठेवली. एक गृहस्थ हळव्या आवाजात म्हणाले, "बाईंना मांजरांचं फार वेड होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले. "वेडबिड काही नव्हतं. आपण टाकलेलं त्या उचलत होत्या. त्यातली एक माझी होती. तिला ओट्यावर बसवून, दाराला कुलूप लावून मी निघून गेले होते."

सगळे खाली बघत बसले. मीही.