करवंटीतला साबण

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही — नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. बसा जरा.

बेंगळुरातलं आमचं घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच; सोवळ्याला आम्ही कानडीसारखं मडी म्हणतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आजेसासऱ्यांचं श्राद्ध होतं. सासूबाई आणि मी, दोघी मडीत. त्या देवघरात गेल्या आणि पाळण्यातली माझी दहा महिन्यांची मुलगी रडायला लागली. धावत जाऊन मी तिचा घाण झालेला लंगोट बदलला.

झालं, मडी मोडली. परत न्हायचं, परत सगळा स्वयंपाक — आणि वर सासूबाईंची बोलणी. निदान साबण? मडीत साबणाला शिवत नाहीत, आणि त्याचा वास लपतो कुठे? मी बोटं नुसती ओली केली, पदराला पुसली आणि कोशिंबीर कालवली. हातानंच.

दोन दिवसांनी सासरे आडवे झाले. जुलाब थांबेनात, सलाईन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, अन्नाला-भांड्यांना हात लावणाऱ्या कुणाचे तरी हात धुतलेले नसणार. सासूबाईंना विचारही करावा लागला नाही — गौरम्मा. आमची भांडी घासणारी.

अहो, गौरम्मा तर रोज आल्या आल्या मागच्या नळावरून हाक मारायची, "स्वल्प साबूनु कोडी, अक्का." थोडा साबण द्या. तिचा तुकडा वेगळा, करवंटीत ठेवलेला. मी हसायचे तिला — भांडीच तर घासायची आहेत, आधी हात कशाला धुवायचे?

तिला काढलं. जाताना ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. "तुम्हीच सांगा अक्का, मी हात धुते ना?"

मी आमटी ढवळत होते. ढवळतच राहिले.

भीती तरी कसली होती मला? सासूबाई चार शब्द बोलल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता. बस्स, तेवढंच. तिचं घर आमच्यासारख्या दोन घरांवर चालायचं, हे मला माहीत होतं. लाज वाटते — तेव्हाही वाटली होती.

सासरे बरे झाले. आता नातीचे हात मीच साबणानं धुववते. आजीला स्वच्छतेचं भारी वेड, असं सगळे कौतुकानं म्हणतात. मी ऐकून घेते.

गौरम्मानं जाताना ती करवंटी विसळून नळापाशी पालथी घातली होती. दुसऱ्या दिवशी मीच ती उचलून फेकली.